दिंडीसाठी पॉवर बँका: आळंदी ते पंढरपूर, २०२५ च्या प्रकल्प नोंदी

१३ एप्रिल. गरज किती

दिंडीत साठ वारकरी. स्मार्टफोन २४, बटणांचे फोन २२. बाकीच्यांकडे फोन नाही आणि त्यांचं काही अडतही नाही.

दुकानात पॉवर बँक एमएएचवर (मिलिअँपिअर-तासांवर) विकली जाते, पण त्या आकड्याने हिशोब जमत नाही. आतल्या सेलचं व्होल्टेज ३.७, बाहेर येतं ५ किंवा ९ आणि फोनची बॅटरी ३.८५ च्या आसपास. म्हणून सगळं वॉट-तासांत मांडलं. एमएएच गुणिले ३.७ भागिले १,००० केलं की पॉवर बँकेचे वॉट-तास मिळतात. म्हणजे १०,००० ची पॉवर बँक ३७ वॉट-तासांची आणि २०,००० ची ७४.

५,००० एमएएचच्या स्मार्टफोनची बॅटरी १९ वॉट-तासांची. वारीच्या वाटेवर दिवसाला साठ टक्के उतरते असं धरलं, म्हणजे १२ वॉट-तास. २४ फोनांचे २८८. बटणांच्या फोनची बॅटरी जेमतेम ३.७ वॉट-तासांची आणि तीन दिवसांतून एकदा भरावी लागते, तेव्हा २२ फोनांचे रोजचे २७. एकूण ३१५.

हा आकडा फोनच्या आत पोचणाऱ्या विजेचा आहे. पॉवर बँकेचं सर्किट, केबल आणि खुद्द फोन, तिघेही वाटेत आपापला हिस्सा खातात. लेबलवरच्या वॉट-तासांपैकी फोनच्या बॅटरीत ६५ ते ७० टक्केच जातात. तेव्हा लेबलवर ४६० च्या पुढे हवेत. २०,००० च्या सात घेतल्या की ५१८ होतात. कागदावर काम संपलं.

२० एप्रिल. कागदावरचं काम मोडलं

मुक्कामाला दिंडीचा जनरेटर साडेसहाला सुरू होतो आणि साडेनऊला बंद होतो. पॉवर बँका भरायच्या त्या या तीन तासांत. वाटेवरच्या गावात दुकानदार पैसे घेऊन फोन चार्ज करून देतात, पण पालखी गावात शिरली की तिथे रांग लागते. त्यावर विसंबून योजना करता येत नाही.

स्वस्त २०,००० च्या पॉवर बँका ५ व्होल्ट २ अँपिअरने भरतात, म्हणजे १० वॉटने. ७४ वॉट-तास आत जायला सर्किटचं नुकसान धरून ८५ च्या आसपास द्यावे लागतात. म्हणजे साडेआठ तासांच्या आसपास. तीन तासांत तिसरा हिस्सा भरेल, दुसऱ्या दिवशी तेवढाच आणि सासवड येईपर्यंत सगळ्या रिकाम्या.

त्यामुळे निवडीचा पहिला निकष बदलला. किती साठवते हे नंतर, किती वेगाने भरते हे आधी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले २२.५ वॉट हे बहुधा बाहेर देण्याचे असतात. भरण्याचा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'इनपुट' म्हणून असतो, तो वाचायचा. '५ व्होल्ट २ अँपिअर' एवढंच असेल तर ती या कामाची नाही. '९ व्होल्ट २ अँपिअर' किंवा त्याहून जास्त हवं. एका दिवसाच्या प्रवासाला, घरी परतून रात्रभर भरणाऱ्याला, ही अट लागत नाही. त्याने स्वस्तातली खुशाल घ्यावी.

२७ एप्रिल. नमुने

चार नमुने आणले. आधी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं. ही सर्वांत स्वस्त चाचणी, यात खोटा माल लगेच कळतो.

१०,००० ची चांगली पॉवर बँक २०० ते २२० ग्रॅमची. २०,००० ची ३५० ते ४५० ग्रॅमची. तिसरा नमुना '५०,०००' लिहिलेला, ७९९ रुपयांचा, भरला २६८ ग्रॅम. एवढी वीज खरोखर साठवायची तर नुसत्या सेलचंच वजन पाऊण किलोच्या वर जातं. चाचणीत त्यातून २१ वॉट-तास निघाले, म्हणजे ती १०,००० चीही नाही. त्याच्या अंगावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण होती, पण आर अक्षरापुढचे आठ आकडे बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकल्यावर दुसऱ्याच वस्तूची नोंदणी दिसली. नुसती खूण बघून थांबू नये, नंबर टाकून पाहावा. मिनिटभराचं काम आहे.

चौथा नमुना सौर पट्टीचा, ६९९ रुपयांना. वारीसाठी बरेच जण हा सुचवतात. पट्टी तळहाताएवढी. एप्रिलच्या भर दुपारच्या उन्हात तिने एक वॉटही दिला नाही. ७४ वॉट-तास भरायला कडक उन्हाचे ऐंशीएक तास लागतील आणि वारी आषाढात, ढगांखाली. शिवाय उन्हात ठेवल्यावर पॉवर बँकेचं अंग ५२ अंशांवर गेलं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. म्हणजे भरण्यासाठी उन्हात ठेवायची आणि उन्हात ठेवली की सेल खराब करायचा.

हे दोन नमुने परत झाले नाहीत. १,४९८ रुपये गेले.

४ मे. उरलेल्या दोघांची चाचणी

सामान: युएसबी मीटर ७५० रुपये, ५ ओहमचे १० वॉटचे दोन रेझिस्टर, जुनी युएसबी केबल कापून. एक रेझिस्टर १ अँपिअर ओढतो, दोन समांतर जोडले की २. रेझिस्टर हात भाजेल एवढा तापतो, फरशीच्या तुकड्यावर ठेवावा. प्लास्टिकच्या टेबलावर ठेवला तर टेबल गेलं.

१०,००० च्या नमुन्यावर बारीक अक्षरांत 'रेटेड ६,२०० एमएएच, ५ व्होल्ट' लिहिलं होतं, म्हणजे ३१ वॉट-तास. १ अँपिअरवर मीटरने ३०.४ दाखवले, २ अँपिअरवर २९. हा प्रामाणिक माल. रेटेड आकडा मोठ्या आकड्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असणं ही फसवणूक नाही. तो आकडा छापलेलाच नसेल तर मात्र संशय घ्यावा.

२०,००० चा नमुना ६१.५ वॉट-तास देतो, पण भरायला साडेनऊ तास. बाद. त्याच दर्जाची, ३० वॉटने भरणारी मागवली. ती रिकामी असताना २८ वॉट घेते, ऐंशी टक्क्यांनंतर ओढ कमी होत जाते. जनरेटरच्या तीन तासांत पूर्ण होण्याच्या अगदी जवळ पोचते. १०,००० ची २० वॉटवर अडीच तासांत पूर्ण.

फोनकडून एक निरीक्षण. ओप्पो, वनप्लस, रिअलमी यांचे अतिवेगवान चार्जर त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने चालतात. तेच फोन साध्या पॉवर बँकेवर १० ते १८ वॉटच घेतात. फोन बिघडलेला नाही आणि पॉवर बँकही. दिंडीत रात्रभर फोन लावून ठेवायचा असल्याने याने फरक पडत नाही. ६५ वॉट बाहेर देणारी महाग पॉवर बँक घेण्याचं कारण उरलं नाही.

११ मे. बटणांचे फोन

इथे सर्वांत जास्त वेळ गेला.

लक्षण असं: बटणांचा फोन लावला, चार्जिंग सुरू झालं, अर्ध्या-पाऊण तासाने पॉवर बँक आपोआप बंद. फोन ऐंशी टक्क्यांच्या आत-बाहेर. पुन्हा बटण दाबलं की चालू, पुन्हा बंद. आधी केबल बदलली, मग फोन बदलला, मग पॉवर बँक सदोष समजून बदलून आणली. नवीही तशीच.

कारण मीटरवर दिसलं. स्मार्टफोन दीड-दोन अँपिअर ओढतो. हे लहान फोन सुरुवातीला ४००-५०० मिलिअँपिअर ओढतात आणि बॅटरी भरत आली की ओढ शंभराच्या खाली उतरते. पॉवर बँकेला वाटतं काहीच जोडलेलं नाही आणि ती स्वतःची वीज वाचवायला झोपते. कानात घालायचे इअरबड आणि मनगटी घड्याळं यांनाही हीच अडचण येते.

उपाय दोन. काही पॉवर बँकांमध्ये कमी ओढीची सोय असते, बटण दोनदा दाबून किंवा दोन सेकंद धरून. ती दोन तासांनी आपोआप रद्द होते, पण बटणांच्या फोनला तेवढे पुरतात. माहितीपत्रकात ही सोय शोधावी, खोक्यावर ती क्वचितच लिहिलेली असते. दुसरा उपाय जास्त भरवशाचा: शेजारच्या खोबणीत एक वॉटचा युएसबी दिवा लावून ठेवायचा. दिवा २०० मिलिअँपिअर ओढत राहतो, पॉवर बँक जागी राहते, राहुटीत उजेडही पडतो. दिवा ३० रुपयांना.

२२ पैकी १८ फोनांना जुनी मायक्रो पिन लागते. चौघांना त्याहूनही जुनी, गोल बारीक पिन. त्या केबली आता दुकानात सहज मिळत नाहीत. ज्यांचे फोन त्यांनीच घरून आणाव्यात असं ठरलं.

१८ मे. केबली आणि चार्जर

२८ गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरला ०.२१ ओहम रोध. जाणारी-येणारी धरून मीटरभर केबलला ०.४३. त्यातून २ अँपिअर गेले की ०.८५ व्होल्ट केबलीतच संपले. फोनला ४.१५ व्होल्ट मिळाले तर तो ओढ कमी करतो आणि 'पॉवर बँक बेकार' असा निकाल लागतो. २४ गेजची, म्हणजे जाड, तार असेल तर हेच नुकसान ०.३४ व्होल्ट. काही केबलींवर गेज छापलेलं असतं, नसेल तर जाड आणि आखूड घ्यावी. अर्ध्या मीटरच्या घेतल्या. लांब केबल राहुटीत पायात येते, हेही एक.

दोन्ही टोकांना सी टाईप असलेल्या केबलीवर दोन फोन आणि भजनातला छोटा स्पीकर चार्जच होईनात. स्वस्त वस्तूंमध्ये सी टाईपच्या खोबणीमागे लागणारे दोन रेझिस्टर कारखान्यातच वगळलेले असतात, त्यामुळे पॉवर बँकेला समोर कोणी आहे हे कळत नाही. जुन्या चपट्या युएसबीतून सी टाईपमध्ये जाणाऱ्या केबलीवर हे सगळं चालतं. म्हणून फोनांसाठी तसल्या केबली आणि दोन्हीकडे सी असलेल्या फक्त पॉवर बँका भरण्यासाठी.

चार्जर ६५ वॉटचा, तीन खोबण्यांचा. दोन सी खोबण्या वापरल्या की ४५ आणि २० अशी वाटणी होते. म्हणजे एका चार्जरवर एक २०,००० ची आणि एक १०,००० ची, दोघी पूर्ण वेगात. तिसऱ्या खोबणीत कोणी फोन लावला की दुसरी सी आणि ती मिळून १५ वॉट, तेही ५ व्होल्टवर. १०,००० ची मग सहा तासांवर जाते. हे चार्जरच्या खोक्यावर तक्त्यात असतं आणि कोणी वाचत नाही.

२५ मे. खरेदी

२०,००० च्या चार आणि १०,००० च्या सहा. बेरीज तीच ५१८ वॉट-तास. सातही मोठ्या न घेण्याचं कारण: लहान पॉवर बँक चालणाऱ्याच्या पिशवीत जाते, मोठी ट्रकमध्ये राहते. दिंडीचालक, विणेकरी, पाण्याचा टँकर सांभाळणारा, औषधांची पेटी घेणारा, यांच्याजवळ दिवसाही सोय हवी. एक बिघडली तर सात ऐवजी दहातली एक बिघडते.

खर्च: १०,००० च्या सहा, प्रत्येकी १,२००, एकूण ७,२००. २०,००० च्या चार, प्रत्येकी २,२००, एकूण ८,८००. ६५ वॉटचे चार चार्जर ७,६००. उरलेल्या दोन लहानांसाठी २० वॉटचे दोन, ९००. भरण्याच्या दहा केबली २,५००, फोनांच्या सी टाईप सोळा २,४००, मायक्रो आठ ७२०. मीटर ७५०. स्विच आणि फ्यूज असलेले दोन बोर्ड १,३००. एकूण ३२,१७० रुपये. दर फोनमागे सातशे. वाया गेलेले नमुने यात नाहीत.

सगळं एकदम लावलं तर जनरेटरवर २७० वॉटच्या आसपास. दोन केव्हीएच्या जनरेटरला हे काहीच नाही.

८ जून. नंबर आणि नियम

प्रत्येक पॉवर बँकेला रंगीत चिकटपट्टी आणि नंबर, त्याच नंबरची पट्टी तिच्या केबलीला. फोन देताना मालकाचं नाव कागदी पट्टीवर, रबरबँडने फोनला. वही साधी: नंबर, कोणाला दिली, पॉवर बँकेवरचे किती दिवे लागत होते.

नियम तीन. भरत असलेल्या पॉवर बँकेतून फोन चार्ज करायचा नाही, दोन्ही कामं एकदम केली की ती तापते. भरताना किंवा फोन चार्ज करताना पिशवीतून बाहेर काढायची. फुगलेली दिसली तर न दाबता, न टोचता, लोकांपासून लांब कोरड्या वाळूच्या बादलीत, आणि गावात पोचल्यावर ई-कचऱ्यात.

१९ जून. आळंदी, प्रस्थान

सगळ्या भरलेल्या. चार्जिंगला एकही फोन आला नाही, सगळे घरून भरून आणलेले. खरी परीक्षा पुण्याच्या दोन मुक्कामांनंतर.

२२ जून. दिवे घाट, सासवड

लांबचा टप्पा. अंदाज चुकला. साठ टक्के धरले होते, बहुतेक स्मार्टफोन संध्याकाळी पंधरा-वीस टक्क्यांवर आले. काही फोटो-व्हिडिओत गेले, पण मोठं कारण नेटवर्क. एका टॉवरवर लाखभर फोन लोटले आणि घाटात सिग्नल पडला की फोन पूर्ण जोराने टॉवर शोधत राहतो. खिशात ठेवलेला फोनही गरम लागतो. चारही मोठ्या पॉवर बँका पहाटेपर्यंत रिकाम्या.

सासवडला दोन मुक्काम असल्याने भरपाई झाली. पुढच्या टप्प्यासाठी सूचना दिली: चालताना विमान मोड, विसाव्याला काढायचा. जेजुरीला त्याच फोनांवर पन्नास टक्क्यांच्या वर शिल्लक होती. एवढी वीज कुठल्याही मोठ्या पॉवर बँकेने दिली नसती.

२४ जून. जेजुरी

दुपारी सरी. पाच फोनांनी खोबणीत ओल असल्याची सूचना दाखवून चार्जिंग नाकारलं. फुंकर मारू नये, ओल आणखी आत जाते. फोन तोंड खाली करून अर्धा तास कोरड्या कापडावर ठेवले, पाचही चालू झाले. चालणाऱ्यांच्या लहान पॉवर बँका झिपच्या पिशवीत होत्या, त्यांना काही झालं नाही. त्याच पिशवीत ठेवून फोन चार्ज करणारा एक जण सापडला. पॉवर बँक चांगलीच तापली होती. नियम पुन्हा सांगितला.

२६ जून. लोणंद

नीरा स्नानानंतर पाऊस. जनरेटर तासभर उशिरा सुरू झाला आणि भार कमी असताना मल्टिमीटरवर २५८ व्होल्ट दाखवू लागला. ६५ वॉटचे चार्जर २४० पर्यंतचे. बोर्ड काढून ठेवला, मंडपाचे सगळे दिवे लावून घेतले, २३५ वर आलं, मग चार्जर लावले. हा क्रम इथून पुढे रोजचा: आधी दिवे, मग मोजणी, मग चार्जर. स्वस्त चार्जर असल्या व्होल्टेजला सरळ जळतात.

दोनच तास मिळाले. मोठ्या पॉवर बँका साठ टक्क्यांवर.

२७ जून. तरडगाव

कालची तूट ट्रकमधून भरली. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची, म्हणून गाडीतला चार्जर १२ ते २४ व्होल्टचा असल्याची खात्री करूनच घ्यावा, नुसता १२ चा धूर काढतो. ट्रकला चार्जरची खोबण नव्हती. बॅटरीपासून तार काढताना पॉझिटिव्ह टोकाशीच १० अँपिअरचा फ्यूज बसवला. इंजिन चालू असतानाच लावायचं. चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणामुळे गर्दीत ट्रक बराच वेळ थांबून थांबून चालला, तेवढ्यात दोन मोठ्या भरल्या. केबिनमध्ये काचेजवळ ठेवू नयेत, सीटखाली सावलीत.

२८ जून. फलटण

एक लहान पॉवर बँक दोन रात्री अर्धीच भरत होती. पॉवर बँक बदलली, केबल बदलली. शेवटी कळलं की चार्जरच्या तिसऱ्या खोबणीत कोणीतरी रोज फोन लावत होतं. चारही चार्जरांच्या तिसऱ्या खोबणीवर इन्सुलेशन टेप लावली.

३० जून. नातेपुते

नोंद करण्यासारखं काही नाही. सगळं साडेनऊच्या आत पूर्ण.

३ जुलै. भंडीशेगाव

सी टाईपच्या दोन केबली टोकाशी तुटल्या, दोन्ही झोपताना अंगाखाली आलेल्या. मायक्रोच्या आठपैकी तीन हरवल्या. जादा केबली वीस टक्के तरी घ्याव्यात, पॉवर बँक जादा घेण्यापेक्षा ते उपयोगी.

१२ जुलै. परत आल्यावर

दहाही पॉवर बँका मीटरवर तपासल्या. नऊ पहिल्या मापाच्या जवळ. ३ नंबरची लहान २९ ऐवजी २२ वॉट-तासांवर, हीच जेजुरीला पिशवीत तापलेली. अजून फुगलेली नाही, पण वारीच्या पेटीतून काढली.

बाकीच्या नऊ, त्यांच्यावरच्या चार दिव्यांपैकी दोन लागतील एवढ्या भरून, पत्र्याच्या पेटीत, केबली वेगळ्या. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर सेल लवकर जातो. दर तीन महिन्यांनी पाहून दोन दिव्यांवर आणायच्या. पुढची तारीख पेटीवर लिहिली: ऑक्टोबर, कार्तिकीच्या आधी. तेव्हा एक १०,००० ची आणि पाच मायक्रो केबली घ्यायच्या आहेत.